दुसऱ्यांदा म्हटलेलं राष्ट्रगीत

मी बारा वर्षं परदेशात बास्केटबॉल खेळले असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझी उंची बघतो आणि मग विचारतो, "अमेरिकेत का?" मालदीव, थायलंड, मलेशिया ही नावं ऐकली की त्याचा उत्साह ओसरतो. तिथे लोक हनिमूनला जातात. मी तिथे जाऊन रिबाउंड घ्यायचे, बरगडीत कोपरं खायचे आणि सीझन संपला की एक मोठी बॅग ओढत बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत परत यायचे. दोन-तीन महिने आईच्या हातचं जेवायचे. मग कुठल्या तरी क्लबचा मेसेज आला की पुन्हा निघायचे. बॅग कधी पूर्ण रिकामी केलीच नाही.

उंची वडिलांची. ते मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात हमाल होते. आमच्या घराचं छत बुटकं, त्यामुळे पंखा चालू असला की ते हात वर करून सदरा काढायचे नाहीत. चौदाव्या वर्षी मीही पंख्याखाली वाकून वेणी घालायला लागले. शाळेतल्या सरांनी माझ्या हातात चेंडू दिला तो या उंचीमुळेच. खेळ नंतर आला.

भारताच्या संघात मी कधीच नव्हते. शिबिराला तीनदा गेले. एकदा राखीव खेळाडूंत नाव लागलं, पासपोर्टची झेरॉक्सही मागवून घेतली, आणि निघायच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीचं नाव आलं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यामुळे परदेशात जे खेळले ते क्लबांकडून. हे मुद्दाम सांगते, कारण क्लबच्या सामन्याआधी वाजतं ते त्या देशाचं राष्ट्रगीत. मी बारा वर्षं दुसऱ्यांची राष्ट्रगीतं ताठ उभी राहून ऐकली. शब्द कळायचे नाहीत, चाली पाठ झाल्या.

थायलंडमधला पहिलाच महिना होता. आमच्या टीमच्या कॅप्टनबरोबर मी संध्याकाळी रेल्वे स्टेशनातून चालले होते. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, दिवसा एका दवाखान्यात नर्स, संध्याकाळी पॉइंट गार्ड. मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगत होते. दहा-बारा पावलं गेल्यावर लक्षात आलं की आपण एकटीच बोलतोय. मागे वळून पाहिलं तर अख्खं स्टेशन थांबलेलं. भाजीच्या पिशव्या हातात घेतलेल्या बायका, गणवेशातली मुलं, झाडू हातात धरलेला माणूस, सगळे जिथल्या तिथे. स्पीकरवर त्यांचं राष्ट्रगीत चालू होतं. तिथे रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ते वाजतं, हे मला माहीतच नव्हतं. मी होते तिथे खिळले. संपल्यावर कॅप्टन माझ्यापाशी आली. मी चार वेळा सॉरी म्हटलं.

"तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असून चालत राहिली असतीस तर गोष्ट वेगळी."

"माहीत असून कुणी चाललं तर?"

तिनं जरा विचार केला. "मग त्याला काहीतरी सांगायचं असेल. आणि त्यानं ते नीट ठरवलेलं असलं पाहिजे."

अडतिसाव्या वर्षी डाव्या गुडघ्यानं हात टेकले आणि मलेशियातल्या क्लबनं करार पुढे वाढवला नाही. तोवर वडिलांची पाठही गेली होती. मी कायमची परत आले. एका शाळेत सकाळच्या वेळेत मुलींना बास्केटबॉल शिकवायचं काम मिळालं आणि जिल्ह्याच्या महिला टीमनं मला खेळाडू-कम-कोच म्हणून घेतलं. काम होतं, घर होतं, पण मला काही सुधरत नव्हतं. साडेचारला जाग यायची. कुठल्या देशात आहोत ते कळायला दोन मिनिटं लागायची. मग बूट घालून मी बिबवेवाडीपासून मार्केट यार्डापर्यंत चालत जायचे आणि ट्रक रिकामे होताना बघून परत यायचे. जेवताना पाय हलायचे. आई म्हणायची, "अगं बस जरा. आता कुठे जायचंय तुला?"

टीमची कॅप्टन चोवीस वर्षांची होती. खराडीत आयटी कंपनीत नोकरीला. सरावाला यायची ती गळ्यात आयकार्ड तसंच लटकवून. "सॉरी ताई, कॉल होता, मॅनेजर सोडतच नव्हता," म्हणत बूट बांधायची आणि पुढचे दोन तास जीव तोडून पळायची. मला सगळ्या ताई म्हणायच्या. हिच्या तोंडी मात्र कधीकधी सरळ "तू" यायचं आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी आमच्या बास्केटबॉल संघटनेची निमंत्रितांची स्पर्धा पुण्यातच होती, पुरुष आणि महिला दोन्ही. आम्ही फायनलला पोचलो. समोर विदर्भातली टीम. वेळापत्रकावर छापलेलं होतं: महिला अंतिम सामना, दुपारी चार, मुख्य कोर्ट. मुख्य कोर्ट म्हणजे हॉलमधलं, लाकडी. मुलींनी घरच्यांना बोलावून ठेवलं होतं. कॅप्टनचे आईवडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. वॉर्म-अपच्या आधी तिनं मला विचारलं, "ताई, राष्ट्रगीताला लाइनमध्ये कसं उभं राहायचं? उंचीप्रमाणे का नंबरप्रमाणे?" मी म्हटलं, "उंचीप्रमाणे. म्हणजे मी शेवटी." ती हसली.

साडेतीनला संघटनेचे सचिव आले. साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी न चढणारा.

"मॅडम, तुमची मॅच बाहेरच्या कोर्टवर घ्या."

"का?"

"प्रमुख पाहुणे लवकर आलेत. आधी सत्कार, मग पुरुषांची फायनल."

"आमची वेळ चारची आहे."

"वेळ चारचीच आहे. जागा बदलली आहे फक्त."

कॅप्टन माझ्या शेजारी उभी होती. तिनं विचारलं, "सर, आणि राष्ट्रगीत?"

"ते आत होईल. पुरुषांच्या मॅचआधी."

"म्हणजे आमच्या फायनलला नाही?"

"अहो, राष्ट्रगीत म्हणजे काय चहा आहे, प्रत्येकाला वेगळा द्यायला?" असं म्हणून ते गेलेसुद्धा.

वाक्य चांगलं होतं. दुसरं कुणी दुसऱ्या कुणाला म्हणालं असतं तर मी हसले असते.

बाहेरचं कोर्ट सिमेंटचं. एका रिंगची जाळी अर्धी फाटलेली. स्कोअर लिहायला फळा आणि खडू. दुपारच्या उन्हात सिमेंट इतकं तापलेलं की बुटांतून चटके बसत होते. मुलींचे घरचे भिंतीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसले. मुली बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होत्या. आणि मी? मुलींचा अपमान झाला म्हणून मी पेटले, असं मला लिहायला आवडलं असतं. थोडं तसं होतंही. पण खरं म्हणजे मला माझंच आठवत होतं. त्या पासपोर्टच्या झेरॉक्सपासून मी ज्याची वाट बघत होते ते निदान इथे, घरच्या कोर्टवर, सामन्याआधी एकदा ऐकायला मिळणार होतं. तेही आत, दुसऱ्यांसाठी वाजणार होतं.

मी दोन्ही कॅप्टनना बोलावलं. "आपणच म्हणू या."

"स्पीकरशिवाय?" आमची म्हणाली.

"शाळेत म्हणत होतो तसं."

विदर्भाच्या कॅप्टननं खांदे उडवले. "म्हणू ना. त्याला काय होते?"

दोन्ही टीम मधल्या वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या. मी सुरुवात केली. चोवीस मुलींचा आवाज उघड्यावरही मोठा होतो, हे मला माहीत नव्हतं. रेफरींनी चेंडू पायाशी ठेवला आणि हात सरळ केले. भिंतीपाशी बसलेले उठले. उकाड्यामुळे हॉलचे दोन्ही मोठे दरवाजे सताड उघडे होते. आत माइकवर भाषण चालू होतं. ते वाक्याच्या मध्येच थांबलं. दाराजवळचे लोक उभे राहिले, मग त्यांच्या मागचे, मग सगळाच हॉल. मी उभी होते तिथून स्टेज दिसत होतं. पाहुणे अर्ध्या खांद्यावर शाल घेऊन उभे, शेजारी सचिव नारळ हातात धरून. बावन्न सेकंद कुणी हललं नाही.

राष्ट्रगीत संपलं. कॅप्टनचे डोळे चमकत होते. भिंतीपाशी टाळ्या वाजल्या. तेवढ्यावर चेंडू उडवायला हवा होता. रेफरींनी तो उचललाही.

सचिव दारात आले. "झालं समाधान? आता खेळा. आणि जरा हळू, आत कार्यक्रम चालू आहे."

ते वळले. आत माइक पुन्हा सुरू झाला. "तर मी काय सांगत होतो..." आणि आत हशा पिकला. तो आमच्यावर होता की भाषणातल्या कशावर, मला आजही माहीत नाही. त्या हशानं माझं डोकं फिरलं. मी पुन्हा राष्ट्रगीत सुरू केलं.

पहिली ओळ मी एकटीनंच म्हटली. रेफरींनी माझ्याकडे बघितलं, चेंडू काखेत धरला आणि तसेच ताठ झाले. मुली उशिरा सामील झाल्या, कुणी कुठे, कुणी कुठे. आत लोक पुन्हा उभे राहिले, पण या वेळी खुर्च्या करकरल्या, कुजबुज झाली. आमच्या कॅप्टनच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते. ती नुकती खुर्चीत टेकली होती. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे दाबत ती पुन्हा उठली. मी तिच्याकडे बघत गात राहिले. कॅप्टन खाली सिमेंटकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते की नाही ते मला दिसलं नाही.

सामना झाला. आम्ही हरलो. तिसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाउल होऊन मी बाहेर गेले. बारा वर्षांत इतक्या लवकर कधी गेले नव्हते.

दोन दिवसांत एक क्लिप सगळीकडे फिरली. हॉलमधल्या कुणीतरी काढलेली, फक्त दुसऱ्या वेळची. खाली लोक भांडत होते. कुणी मला शूर म्हणत होतं, कुणी म्हणत होतं, राष्ट्रगीताची शिट्टी केली हिनं, वाट्टेल तेव्हा वाजवून लोकांना उभं करायला. शिव्याही होत्या, त्या सोडून देते. ते शिट्टीचं वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्याशी भांडावंसं वाटलं, मोबाइल हातात घेऊन उत्तरही लिहिलं, मग पुसलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

वडिलांनी क्लिप बघायला मागितली. ते पलंगावर पडून असायचे, पाठीला पट्टा. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. आवाज सुरू झाल्याबरोबर ते उठायला लागले.

"बाबा, झोपा हो. मोबाइलवर आहे ते."

त्यांनी ऐकलं नाही. माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, संपेपर्यंत. मग सावकाश आडवे झाले आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "ही दुसऱ्यांदाची ना? पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ऐकलं होतं ना त्यांनी?"

"ऐकलं होतं."

"उभे राहिले होते?"

"हो."

"मग परत का?"

मी म्हटलं, "ते हसले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी तीनदा घराबाहेर पडले आणि तिन्ही वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

कुणीतरी राष्ट्रगीताचा अपमान झाल्याची तक्रार केली आणि मला चौकीवर बोलावणं आलं. तिथले हवालदार शांतपणे सगळं लिहून घेत होते.

"तुम्ही बसून होता?"

"नाही, उभी होते."

"शब्द चुकीचे म्हटले?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी म्हणताना अडथळा आणला?"

"मीच म्हणत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून आलेली माणसं बघितली मी. म्हटलं म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच." त्यांनी जबाबावर सही घेतली. पुढे काही झालं नाही.

संघटनेचं पत्र मात्र आलं. कारणे दाखवा, लेखी माफी मागा, दोन्ही वेळांच्या प्रकाराबद्दल. दोन्ही टीममधल्या मुलींनाही तेच पत्र. राज्याच्या शिबिराची निवड तोंडावर होती. मी सचिवांना भेटायला गेले. ते समोर कागद लावत बसले होते.

"मी माफी मागते," मी म्हटलं, "पण दुसऱ्यांदा म्हटलं त्याची. पहिल्याची नाही. पहिलं आम्ही सामन्याआधी म्हटलं. ते बरोबर होतं."

"अहो, आम्हाला एक माफी हवी आहे. अर्धी नको."

"मुलींना यात ओढू नका. सुरुवात मी केली."

"मग तसं त्यांनी लिहून द्यावं."

"आणि वेळापत्रकात मुख्य कोर्ट छापलं होतं त्याचं काय?"

पहिल्यांदाच त्यांनी कागद बाजूला सारले. चष्मा काढून पुसला. "त्याचं वाईट वाटलं मलाही," ते म्हणाले. "पाहुण्यांना थांबा म्हणून कोण सांगणार होतं? तुम्ही? तुमचं एका दिवसाचं असतं. मला वर्षभर त्यांच्या दारात जायचं असतं हॉलसाठी." चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "माफी पूर्ण लिहा, नाहीतर राहू द्या."

मी राहू दिलं. मुलींनी लिहून दिलं. सगळ्यांनी, कॅप्टननंसुद्धा. ताईंनी सांगितलं म्हणून आम्ही म्हटलं, दोन्ही वेळांबद्दल माफ करा, अशा अर्थाचं. मीच त्यांना फोन करून तसं लिहा म्हणाले होते. तरी कॅप्टननं लिहिल्याचं कळलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्यावर एका वर्षाची बंदी आली. कॅप्टन शिबिराला गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

ते वर्ष मी कसं काढलं ते धड सांगता येत नाही. सकाळी शाळा, दुपारी वडिलांचे शेक, संध्याकाळी नुसतं चालणं. मलेशियाहून एका ओळखीच्या बाईंनी कोचिंगचं विचारलं. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले. आठवड्यानं पुन्हा विचारून बघितलं तोवर त्यांनी दुसरी कुणीतरी घेतली होती. मनात मी सचिवांशी भांडायचे, त्यांना निरुत्तर करायचे, आणि त्या भांडणाच्या शेवटी दर वेळी कॅप्टनची आई खुर्चीचे दांडे धरून उठताना दिसायची.

बंदी संपायला महिना असताना कॅप्टनचा मेसेज आला. "ताई, खराडीला येतेस? ऑफिसखाली चहा घेऊ." मी दोन बस बदलून गेले. तिच्या कंपनीच्या गेटबाहेर टपरी होती. ती आली, आयकार्ड गळ्यात तसंच. बारीक झाली होती. शिबिरातून पुढे निवड झाली नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "यावर्षीची फायनल मेन कोर्टवर झाली. आमची."

"आणि राष्ट्रगीत?"

"सकाळी नऊला. उद्घाटनालाच. सगळ्या टीम एकदम उभ्या. एकदाच." ती हसली नाही. "सेक्रेटरींची आयडिया. सगळे खूश."

"तू खूश?"

"माहीत नाही. बरं वाटलं मेन कोर्टवर. पण ते आपण म्हटलं होतं ना, बाहेर, तसं नाही वाटलं." तिनं कपातला चहा गोल फिरवला. "ताई, एक बोलू? राग नको मानूस. पहिल्यांदा म्हटलं ते आपलं होतं. दुसऱ्यांदा ते तुझं होतं. आणि माफी आम्ही दोन्हीची लिहून दिली."

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. बारा वर्षं, झेरॉक्स, तो हशा, सगळं ओठावर आलं. त्यातलं काहीच तिचं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुझ्या आईला दोनदा उठवलं मी."

"आईला काही वाटलं नाही. ती अजून सांगते सगळ्यांना." तिनं कप खाली ठेवला. "मला वाटलं होतं."

"हो."

"तू बंदी संपल्यावर येणारेस ना सरावाला?"

"गुडघा बघून."

"गुडघा बघून नको. ये," ती म्हणाली आणि मोबाइलकडे बघून उठली. साडेपाचचा कॉल होता. गेटमधून आत जाताना तिनं मागे वळून हात केला, मग कार्ड मशीनला लावलं आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

मी आणखी एक चहा घेतला. तो अर्धा तसाच ठेवून उठले. बसथांब्यावर खूप माणसं होती, मला उभं राहवेना, म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले, मग त्याच्याही पुढच्या. ऑफिसं सुटली होती, रस्ता गाड्यांनी तुंबलेला, आणि मी त्या सगळ्यांपेक्षा वेगानं चालले होते. गुडघा दुखत होता. तिसऱ्या थांब्यावर स्वारगेटची बस मिळाली. बसायला जागा होती, तरी मी दांडीला धरून उभीच राहिले.